बाबांच्या कोटांच्या चौदा उशा

रविवार, सकाळ

तीर्थरूप दादास,

टाचणीचा नमस्कार पोचावा. (‘तीर्थरूप’ लिहिलंय म्हणून लगेच ताठ बसू नकोस. साडेतीन वर्षं आधी जन्माला येण्यात तुझं कर्तृत्व काही नाही, पण बाबांनी लावलेली सवय, पेन उचललं की हात आपोआप लिहितो.) तुझी कंबर आता कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी पी आणि औषधाच्या बाबतीत तुझं काही ऐकू नकोस. इकडे माझी तब्येत उत्तम. गुडघाही उत्तम. हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण तुझ्या मागच्या पत्रात माझा उल्लेख दोनदा आला आणि माझ्या गुडघ्याचा सहा वेळा. जिन्यावरून मी आयुष्यात एकदा पडले. तेही चारच पायऱ्या. एवढ्यावरून कुणी राहतं घर विकायला काढत नाही, असं एखादा म्हणेल. मी म्हणत नाही. तू ठरवलंस, मी हो म्हटलं, विषय संपला. घर विकायचं, मी गाशा गुंडाळून तुमच्याकडे मागच्या खोलीत यायचं आणि लिफ्टनं वर-खाली करत सुखानं म्हातारं व्हायचं. ठरलं ते ठरलं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर तुझ्या हुकमाप्रमाणे मी काय काय केलं त्याचा हा अहवाल. तू लिहिलं होतंस की गिऱ्हाईक यायच्या आत घर जरा विकण्याजोगं कर, उगाच रंगरंगोटी काढू नकोस, आहे त्यात भागव, आणि घराचे मूळ कागद रजिस्टर पोस्टानं पाठवून दे. कागदांचं शेवटी लिहिते. ते अत्यंत सुरक्षित आहेत. ‘आहे त्यात भागव’ हे मात्र तू कुणाला सांगतो आहेस याचा विचार करायला हवा होतास. एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या कापडखात्यात काढली, त्यातली बारा प्रमुख म्हणून. चादरी, अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे झगे, सगळं माझ्या हातून गेलं, आणि चिंधी झाल्याशिवाय एक फडकं मी बाहेर टाकू दिलं नाही. (नवीन आलेल्या मुली म्हणायच्या, बाईंच्या खात्यात कापूस मरतो पण कापड मरत नाही.) उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वाटतं, बहीण चार अभ्रे बदलेल आणि फुलदाणी पुसून ठेवेल. मी पायमशीनला तेल घातलं, नवा पट्टा बसवला आणि कामाला लागले.

आधी घराकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहून धसकाच घेतला. दिवाणखान्यात खिडकीच्या वर ओल आहे, ती तुझ्या वेळी ताटलीएवढी होती, आता परातीएवढी झाली आहे. छतापासून कपाटापर्यंत ती भेग तशीच आहे, फक्त तिला आता दोन फांद्या फुटल्यात. खिडकीचं उजवं दार लागत नाही, सोफ्याच्या स्प्रिंगा बसणाऱ्याशी भांडतात आणि मधल्या खोलीचा पडदा उन्हानं इतका विरलाय की त्यातून पेपर वाचता येतो. माणूस रोज राहतो तेव्हा यातलं काही दिसत नाही. विकायला काढलं की सगळं एकदम दिसायला लागतं, आणि आपल्यालाच घराची लाज वाटते. मला तर त्या भेगेचा इतका राग आला की तिच्याकडे पाठ करून चहा प्यायले. मग ठरवलं, रंग नाही तर नाही, झाकण्याइतकं कापड आपल्याकडे आहे, आणि कमी पडेल ते जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणू.

हे दुकान आपल्या शाळेच्या मागच्या गल्लीत निघालंय. तिथे एक बाई गाठोड्यांच्या ढिगावर बसलेली असते आणि जुने पडदे, टेबलक्लॉथ, कोट, झगे असं सगळं वजनावर विकते. ती प्रत्येक कापडाला ‘शुद्ध सुती’ म्हणते. आता शुद्ध सुती की काय ते मला कुणी सांगायला नको. मी पर्समधून काडेपेटी काढली, कापडाच्या कडेचा एक धागा ओढला आणि पेटवला. धागा सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख होते, नायलॉनची भेसळ असेल तर वितळून काळा मणी होतो. खात्यात आम्ही हेच करायचो. पण चार मजूर लागतील एवढ्या कापडाच्या ढिगावर बसलेल्या बाईसमोर काडी ओढू नये, हे मला काडी ओढल्यावर सुचलं. तिनं अशी काही किंकाळी फोडली की समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. तिला म्हटलं, बाई, सुंभ जळला तरी पीळ राहतो, तुझ्या धाग्याचा तर मणी झाला, कसलं आलंय शुद्ध सुती! तिला राग आला, मग हसू आलं, आणि मग तिनं मला आतल्या खोलीत नेऊन खरा माल दाखवला. तिथे मला ते सापडलं. बंद पडलेल्या नाटकगृहाचा पडदा, दादा! लालभडक मखमल, पितळी कड्यांसकट. अख्खा नाही, त्याचा एक पंख. तरी तो मी खांद्यावर टाकून तीन मजले चढवला, दोनदाच थांबले. (गुडघ्याविषयी काही शंका उरली असल्यास हे वाक्य पुन्हा वाच.)

आता माझी चूक सांगते, कारण मी चूक लपवणाऱ्यांतली नाही. बाहेरून आलेलं कापड आधी उकळत्या पाण्यात घालायचं, मगच कात्री लावायची, हा माझा एकतीस वर्षांचा नियम. मखमलीला हा नियम लागू नाही. हे मला ठाऊक होतं, पण हात सवयीनं चालला. त्या मखमलीनं इतका रंग सोडला, इतका सोडला की मोरीतून लाल ओढा वाहायला लागला. गॅलरीत वाळत टाकली तर खालच्या मजल्यावरच्या बँडवाल्या काकांच्या दोरीवरच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांवर थेंब पडून ते गुलाबी झाले. (काकांनी भांडायचं सोडून मला विचारलं की कपाटात उरलेले दोनही असेच करून मिळतील का. आयुष्यभर पांढरं घालून ते कंटाळले होते म्हणे.) आणि नेमका त्याच वेळी तुझा तो दलाल घर बघायला आला. मी दार उघडलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, उजव्या हातात मोठी कात्री, मागे मोरीतून येणारा ओघळ. तो दोन पायऱ्या मागे सरकला आणि घरात आणखी कोण कोण असतं असं विचारायला लागला. मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटीच उरले आहे. नंतर लक्षात आलं की हे वाक्य त्या क्षणी बोलायला नको होतं. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

रंग गेल्यावर मखमल जुन्या विटेसारखी दिसायला लागली, ती मला जास्तच आवडली. पडदे झोकात झाले. एक बारीकशी गोष्ट राहिली. मखमलीला लव असते, ती एका बाजूनं कुरवाळली की उजळ दिसते आणि उलटी कुरवाळली की काळसर. दोन पडदे कापताना दोघांची लव एकाच दिशेला धरावी लागते. मी एक पडदा डोक्यावर उभा कापला. त्यामुळे खिडकीच्या डाव्या अंगाला सकाळ आणि उजव्या अंगाला संध्याकाळ असा देखावा झाला आहे. दलालानं विचारलं तेव्हा मी अशी नवी पद्धत आहे म्हणून सांगितलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

भेग झाकायला मी बाबांचे टाय घेतले. एकवीस निघाले. वजनमापं तपासायला जाताना टाय नसेल तर दुकानदार तराजू सरळ करत नाहीत, असं ते म्हणायचे, आठवतं? ते सगळे उसवून, अस्तर काढून, इस्त्री करून एकाला एक जोडले आणि छतापासून खाली सोडले. काय शोभा आली म्हणून सांगू! सोमवारी त्याची खालची कड माझ्या कमरेला होती. मंगळवारी मांडीला आली. मला वाटलं, मीच बुटकी होते आहे की काय. गुरुवारी ती फरशीला टेकली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टायचं कापड तिरकं कापलेलं असतं, म्हणून तर गाठ नीट बसते, आणि तिरकं कापड टांगलं की आपल्या वजनानं लांबत जातं. आणि कापड लांबलं की रुंदीला आटतं. परिणाम असा झाला की भेग आता टायच्या आडून डाव्या बाजूनं डोकावते. पहिल्या वर्षाच्या मुलीनं केली असती तर मी तिला दिवसभर गाठी सोडवायला बसवलं असतं अशी ही चूक. मी स्वतःला बसवलं नाही, वय बघून सोडून दिलं.

मधल्या खोलीच्या पडद्याचं मात्र काम असं झालंय की तू बघशील तेव्हा मान डोलावशील. चादर नेहमी मध्ये विरते, कारण माणूस मध्येच झोपतो. कडा वर्षानुवर्षं कोऱ्या राहतात. खात्यात आम्ही अशी चादर मधून उभी फाडायचो, विरलेला भाग काढून टाकायचो आणि दोन्ही कोऱ्या कडा एकमेकींना जोडून मध्ये आणायचो. मध्ये एक शिवण येते, ती पाठीला जराशी टोचते, पण चादर आणखी दहा वर्षं जाते. पडद्याचं मी तेच केलं. करता करता मनात आलं की आपल्या घराचंही मधलं विरूनच गेलंय, आधी आई, मग बाबा. उरलो आपण दोन कडा, त्याही दोन गावांत. असो. हे इथे लिहायचं नव्हतं, पण शाईनं लिहिलंय, आता खोडलं तर पान घाण दिसेल.

आता कोट. बाबांचे सात कोट चार वर्षं कपाटात जसेच्या तसे टांगलेले होते. (तू आलास तेव्हा म्हणालास, देऊन टाक कुणाला तरी. तू दोन तासांसाठी आला होतास, टॅक्सी खाली उभी होती, म्हणून मी वाद घातला नाही.) द्यायचे तर कुणाला? बाबांच्या मापाचा माणूस मला आजवर दिसलेला नाही. कापायचे म्हटल्यावर कात्री चार वेळा उचलली आणि चार वेळा खाली ठेवली. पाचव्यांदा डोळे मिटून पाठीच्या शिवणीवर घातली आणि एकदा घातल्यावर मग थांबले नाही. प्रत्येक कोटाच्या दोन उशा केल्या, डावी बाजू एक, उजवी बाजू एक. कापूस जुन्या गादीचा, पिंजून आणलेला. बटणं तशीच ठेवली, आणि खिसे तर एकही बुजवला नाही. शिवलेला चांगला खिसा बुजवणं हे माझ्या हातून होणं नाही. बाबांना प्रत्येक वजनाला वेगळा खिसा लागायचा, म्हणून आईनं बाहेरून, आतून, बगलेत, जिथे जागा मिळेल तिथे खिसे लावले होते. त्यामुळे आता आपल्या सोफ्याला एकूण त्रेचाळीस बाहेरचे खिसे आहेत. मी चष्मा एका खिशात ठेवते, किल्ल्या दुसऱ्यात, आणि मग दोन्ही शोधायला अर्धा तास लागतो, पण बसून शोधता येतं.

काल सकाळी अकरा वाजता दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. (तो त्यांना ‘पार्टी’ म्हणतो. ही पार्टी म्हणजे नवरा-बायको दोघंच होते.) नवरा दातांचा डॉक्टर, सडपातळ, अबोल. बायको गोल चेहऱ्याची, बोलकी. मी सोफ्याला चंदेरी साटीनची खोळ घातली होती. कुठल्याशा झग्याचं अस्तर, त्याच बाईच्या दुकानातलं. चारही कोपरे इस्पितळातल्या पलंगासारखे घडी करून असे ताणून खोचले होते की नाणं टाकलं तर उडावं. डॉक्टर बसले. बसले ते थांबलेच नाहीत. साटीनवरून ते सावकाश, अब्रू सांभाळत, चेहऱ्यावरची रेषा न हलवता खाली फरशीवर आले. दलालानं त्यांना उचलून परत बसवलं, ते परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी आपण होऊन फरशीवरच बैठक मारली आणि भिंतीला टेकून म्हणाले, बरं आहे इथं, गार लागतं.

मग त्यांची नजर भेगेवर गेली. उठून त्यांनी टाय बाजूला केले, खिशातून छोटी बॅटरी काढली, भेगेत उजेड टाकला आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर वरपासून खालपर्यंत टक टक केलं. आता भिंतीला विचारतात की काय, कुठे ठणकतंय म्हणून, असं मला वाटलं. दलाल घाईघाईनं म्हणाला की खिडकीतून उजेड फार सुंदर येतो, आणि पडदा सारायला गेला. नाटकगृहाचा पडदा तो! त्याला ओढायची सवय आहे, हळूच सारायची नाही. दांडी भिंतीतून निघाली आणि मखमलीचा अख्खा डोंगर दलालाच्या अंगावर कोसळला. आतून त्याचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. मी आणि डॉक्टरांनी मिळून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा पांढरा शर्ट गुलाबी झाला होता. (रंग अजून थोडा सुटतोय.) आणि पडदा पडल्यावर परातीएवढी ओल सगळ्यांसमोर उघडी पडली. मी दलालाला पाणी प्यायला दिलं.

या गडबडीत डॉक्टरांची बायको सोफ्याच्या कडेला एक उशी मांडीवर घेऊन बसली होती. ती एकेका खिशात हात घालत होती, लहान मुलासारखी. एका खिशातून दात कोरायची काडी निघाली, एकातून बडीशेपेची पुडी, एकातून पावशेराचं वजन. मग बगलेतल्या एका चोरखिशातून चिठ्ठी निघाली, बाबांच्या अक्षरातली. त्यांना सगळं लिहून ठेवायची सवयच होती. तिनं ती मोठ्यानं वाचली. त्यात तीन कामं होती. छत्री दुरुस्त. धाकटीला चपला. पोराला पत्र टाकणे. पहिल्या दोन कामांवर काट मारलेली होती, तिसऱ्यावर नव्हती. कोट तपकिरी, म्हणजे शेवटच्या वर्षातला. पत्र त्यांनी टाकलं होतं का रे? मी तुला कधी विचारलं नाही. चिठ्ठी मी परत त्याच खिशात ठेवली आहे.

त्यानंतर ती बाई नवऱ्याकडे बघत राहिली, आणि दोघं कळवतो म्हणून निघून गेली. गिऱ्हाईक कळवतो म्हणालं की त्याचा अर्थ काय होतो ते तुला मी सांगायला नको. तात्पर्य, माझ्या बाजूनं मी काही कमी केलं नाही. कापड, कात्री, कष्ट, सगळं ओतलं. घरालाच जर विकलं जायचं नसेल तर मी काय करणार? तेव्हा निराश होऊ नकोस, धीर धर, वर्ष-दोन वर्षं लागतील, तोवर मी इथे तग धरून राहीन. काकांनी दिलेल्या एका विरलेल्या गुलाबी शर्टाचे दोन हातरुमाल सोबत पाठवते आहे, एक तुला, एक वहिनीला. त्यांना गरम पाणी दाखवू नका.

वहिनीला आठवण, मुलांना लाड. तू मोठा असल्यामुळे तुला पुन्हा एकदा नमस्कार, यापुढे या पत्रात तो मिळणार नाही.

तुझी,
टाचणी

ता. क. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी दलालाचा फोन आला. त्या दोघांना घर पसंत आहे. मागितलं तेवढं द्यायला ते तयार आहेत, वर उशाही मागताहेत. बाईला म्हणे असं घर हवंच होतं, जिथे कुणीतरी खरोखर राहिलंय. आणि डॉक्टर म्हणाले की भेग वरवरची आहे, मुळं शाबूत आहेत.

आणखी एक ता. क. हेही सांगते, म्हणजे नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. काल बाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली तेव्हा मी तिला ओल, भेग, खिडकीचं दार, पावसाळ्यात गॅलरीत साचणारं पाणी, सगळं आपण होऊन सांगितलं, आणि वर जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत असंही सांगितलं. (बेचाळीस आहेत.) तरी ती हो म्हणते आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, हिला अंगण वाकडंच आवडलं. अशा माणसापुढे कुणाचं काय चालणार?

तिसरा ता. क. आता कागद. घराचे मूळ कागद पोस्टानं येणार नाहीत. ते बाबांच्या एका कोटाच्या आतल्या खिशात होते, आणि आतले खिसे आता उशांच्या पोटात गेलेत. चौदा उशा आहेत. दलालाला हे सांगितलं तेव्हा तो आज धावत आला आणि एकेक उशी कानाशी धरून दाबत बसला, पण कापूस असा गच्च भरलाय की कागद कुरकुरला तरी ऐकू येत नाही. तो ब्लेड काढणार होता, मी हात धरला. बाबांच्या कोटाला परक्याचं ब्लेड लागू देणार नाही. तू ये आणि तुझ्या हातानं उसव. माझी शिवण दुहेरी आहे, टाका बारीक आहे, घाई केलीस तर कापड फाटेल. दिवसाला दोनच उशा होतील. म्हणजे सात दिवस धर. टॅक्सी खाली उभी ठेवू नकोस.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं होतं, पुन्हा उघडलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कागद चुकून आत गेलेले नाहीत. मीच घडी करून ठेवले आणि वरून टीप मारली. मला हे घर विकायचं नाही, दादा. मी हो म्हटलं कारण तू विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस, आणि तुला नाही म्हणायला मला कुणी शिकवलेलंच नाही. सात दिवस इथे राहा, या सोफ्यावर घसरून बघ, रोज ते जिने माझ्याबरोबर चढून बघ. त्यानंतरही विक म्हणालास तर तिथल्या तिथे सही करीन, शपथ. कुठल्या उशीत कागद आहेत ते मला पक्कं ठाऊक आहे. ती उशी मी तुला सगळ्यात शेवटी देणार आहे.